मुलाच्या दातांसाठी लाफिंग गॅस: कुणाला अनुभव आहे का?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मुलगा सहा वर्षांचा. चार दुधाच्या दाढा किडल्यात, त्यातल्या दोन नसेपर्यंत गेल्यात. रात्री दोनला उठून गाल धरून बसतो. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आरसा तोंडात घातला आणि यानं त्यांचं बोट चावलं. रक्त आलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, डॉक्टर मात्र हसत म्हणाले, "दाढा किडल्यात पण चावा चांगला आहे."

आता त्यांनी तीन मार्ग सांगितलेत. एक, धरून-बांधून करायचं (ते स्वतःच याच्या विरोधात आहेत). दोन, लाफिंग गॅस देऊन दोन-तीन भेटींत. तीन, हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन एकदम सगळं. त्यांचा कल दुसऱ्याकडे आहे.

घरात रणधुमाळी. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात आहेत, पडतील की. नवऱ्याला कुणीतरी फुग्यातून गॅस ओढून रस्त्यावर लोळणाऱ्या पोरांचा व्हिडिओ पाठवलाय, तो म्हणतो हे तेच. मला नेमकं कळत नाहीये. हा गॅस म्हणजे भूलच का? मुलांना चालतो का? काय विचारून घ्यावं? अनुभव असतील तर सांगा.

तिरकस
गॅस मुलाला देण्यापेक्षा बापाला द्या, बिल हातात पडायच्या आधी.

(हलके घ्या. मुलाला लवकर आराम पडो.)

गोदाकाठ
आमच्या लहानपणी दाताला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि थोरला भाऊ दाराबाहेर. भूल नाही, बिल नाही. जगलोच ना?

मोगरी
@गोदाकाठ, हलणारा दात आणि किडलेली दाढ यात फरक असतो हो काका. आणि माझ्या आईला तुमच्याच पद्धतीनं धरून दाढ काढली होती, ती आज सत्तरीत दातांच्या दवाखान्याच्या पायरीवरूनच परत येते.

दंतमंजन
मी लहान मुलांची दंतवैद्य आहे, गेली अकरा वर्षं हा गॅस वापरते. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी सासूबाईंचा मुद्दा. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. सहाव्या वर्षी "पडतील की" म्हणून सोडल्या तर अजून चार-पाच वर्षं पू, सूज आणि रात्रीची जागरणं. शिवाय खालच्या कायमच्या दातांची जागा त्यांनीच राखून ठेवलेली असते.

आता गॅस. नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण नाकावर बसणाऱ्या छोट्या मास्कमधून देतात. आमच्याकडे स्ट्रॉबेरीच्या वासाचे मास्क आहेत. मुलं त्याला विमानाच्या पायलटचं नाक म्हणतात. सुरुवात नुसत्या ऑक्सिजनने. मग नायट्रस थोडा थोडा वाढवत नेतो, साधारण दहा-दहा टक्क्यांनी, आणि मुलाकडे बघत राहतो. बहुतेकांना तीस ते पन्नास टक्क्यांत पुरतं. खांदे खाली येतात, मुठी सुटतात, पायाची बोटं हलायची थांबतात. मी मशीनकडे कमी आणि पायांच्या बोटांकडे जास्त बघते.

मूल झोपत नाही. "तोंड उघड" म्हटलं की उघडतं, नाव विचारलं की सांगतं. गिळणं, खोकणं शाबूत असतं. म्हणून ही पूर्ण भूल नव्हे.

आणि पालकांना जे कधीच कुणी सांगत नाही ते सांगते: या गॅसने दात बधिर होत नाही. बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं. फरक इतकाच की सुई टोचताना मुलाला ते कळतं, पण त्याचं काही वाटत नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, "डॉक्टर, कुणाला तरी टुचुक केलंत ना तुम्ही?" कुणाला तरी!

काम संपलं की गॅस बंद आणि किमान पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. मग मूल उठून खेळण्यांच्या कपाटाकडे जातं.

दातांच्या मशीनमध्ये ऑक्सिजन तीस टक्क्यांखाली जाऊच शकत नाही अशी रचना असते, आणि ऑक्सिजन संपला तर नायट्रस आपोआप बंद पडतो. हे दोन्ही तुमच्या डॉक्टरांच्या मशीनमध्ये आहे का, ते बिनधास्त विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट मशीन दाखवतो.

सोनचाफा
@दंतमंजन ताई, किती छान समजावलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. "पायाची बोटं" ऐकून जरा नरम आल्यात. एक शंका: याला बारा महिने सर्दी असते. चालेल?

दंतमंजन
नाक चोंदलेलं असेल तर तारीख पुढे ढकला. गॅस नाकातूनच जायचा आहे. मूल तोंडाने श्वास घेत असेल तर सगळा गॅस खोलीत आणि माझ्या नाकात. कानात नुकताच संसर्ग झाला असेल तर तेही सांगा. आणि त्या दिवशी येताना भरपेट वडापाव खायला घालून आणू नका. हलकं काहीतरी, तेही दोन तास आधी. तुमचे डॉक्टर नेमकं काय ते सांगतीलच.

ब्रिस्टलची_सून
दातांचा नाही, बाळंतपणाचा अनुभव आहे. चालेल ना?

इथे ब्रिटनमध्ये कळा सुरू होऊन दवाखान्यात गेलं की पहिली गोष्ट हातात येते ती "गॅस अँड एअर"ची नळी. नाव फसवं आहे, त्यात एअर नसतेच. अर्धा नायट्रस, अर्धा ऑक्सिजन. नाव जुन्या काळचं, १९३४ मध्ये लिव्हरपूलच्या मिनिट नावाच्या डॉक्टरांनी खरोखर नायट्रस आणि हवा यांचं यंत्र केलं होतं तेव्हापासूनचं. एकाच सिलिंडरमध्ये दोन्ही वायू आधीच मिसळून द्यायची युक्ती १९६१ मधली, डॉ. टन्स्टॉल यांची. तेच एन्टोनॉक्स.

माझी सुईण आयरिश, साठीची, आवाज फौजदाराचा. तिने नळी माझ्या हातात दिली आणि आईला आणि नवऱ्याला दम भरला: ही नळी हिच्याशिवाय कुणी धरायची नाही. आई नुकतीच साताऱ्याहून आलेली, तिला ते फार लागलं. लेक तळमळतेय आणि मी नळीसुद्धा धरू नको? मध्ये सुईण बाहेर गेली तेव्हा आईने धरलीच. ती परत आली आणि आईच्या हातातून काढून घेतली. मग तिने समजावलं, मी कळांच्या मध्ये भाषांतर केलं. ज्याला दुखतंय त्यानेच धरायची. जास्त गुंगी आली की हात आपोआप गळतो, नळी तोंडातून पडते, दोन श्वास साध्या हवेचे जातात आणि माणूस शुद्धीवर येतो. दुसऱ्याने प्रेमाने धरून ठेवली तर ते कुलूपच तुटतं.

दुसरी गोष्ट तिने शिकवली ती वेळ साधायची. कळ ऐन भरात आल्यावर ओढायला लागलात तर उशीर झाला. पोट घट्ट होऊ लागलं की तेव्हाच, लांब आणि सावकाश श्वास. असर चढायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, तोवर कळ माथ्यावर येते आणि दोन्ही एकदम भेटतात. पहिल्या चार कळा मी चुकवल्या. पाचवी जमली.

वेदना गेली का? नाही. वेदना शेजारच्या फ्लॅटमध्ये गेली. आवाज ऐकू येत होता, पण भांडण माझं नव्हतं. तोंड कोरडं पडलं आणि एकदा उलटीही झाली. शेवटी एपिड्युरल (कमरेखालचं बधिर करायला पाठीत देतात ते) घेतलंच. पण ते येईपर्यंतचे तीन तास या नळीने काढले.

पाटीबहाद्दर
"वेदना शेजारच्या फ्लॅटमध्ये गेली." आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या वेदना शेजारच्या फ्लॅटमुळेच आहेत. गॅस कुठे मिळतो?

तिरकस
@पाटीबहाद्दर, दुपारी एक ते चार मिळत नाही.

जुनी_वही
ब्रिस्टलचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. @ब्रिस्टलची_सून, तुमच्याच गावात १७९९ मध्ये हम्फ्री डेव्ही नावाचा विशीतला पोरगा हा वायू स्वतःवर करून बघत होता. वायू शोधला प्रीस्टलीने १७७२ च्या सुमारास, पण तो हुंगून काय होतं ते डेव्हीने नोंदवलं. त्याची अक्कलदाढ येत होती, हिरडी सुजलेली. गॅस घेतला की ठणका ओसरायचा. १८०० साली त्याने पुस्तकात लिहूनही ठेवलं की फारसा रक्तस्राव नसलेल्या शस्त्रक्रियांत हा उपयोगी पडेल. आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं कुणी हललं नाही! श्रीमंतांच्या मेजवान्यांत, जत्रांत लोक तो हुंगून हसत राहिले आणि दवाखान्यांत माणसं शुद्धीवर असताना पाय कापत राहिले.

मग १० डिसेंबर १८४४. अमेरिकेतलं हार्टफर्ड. कोल्टन नावाचा माणूस तिकीट लावून लाफिंग गॅसचे खेळ करायचा. कूली नावाचा एक जण गॅस घेऊन नाचता नाचता बाकावर आपटला, पाय फाटला, आणि त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य बसला होता. तो दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसला, कोल्टनने गॅस दिला आणि रिग्ज या सहकाऱ्याने त्याची स्वतःची दाढ उपटली.

पुढे मात्र नशीब फुटकं. १८४५ मध्ये बोस्टनला डॉक्टर-विद्यार्थ्यांपुढे प्रयोग केला, गॅसची पिशवी लवकर काढली गेली, पेशंट ओरडला आणि सभागृहाने त्याला लबाड ठरवून हाकललं. पुढच्याच वर्षी त्याच बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन वाहवा मिळवली. वेल्स १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगातच वारला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. श्रेय मिळालं ते मेल्यावर.

मोगरी
अरेरे. या वेल्सवर स्वतंत्र धागा काढा ना कुणीतरी.

भुलोबा
आता मला बोलावंच लागेल. मी भूलतज्ज्ञ, निम्मी नोकरी तालुक्याच्या गावांत फिरत केलेली.

वेल्सचा प्रयोग फसण्यामागे पिशवी लवकर काढण्याइतकाच आणखी एक मुद्दा आहे. नायट्रस हा दुबळा भुलारी आहे. एकट्या नायट्रसने शस्त्रक्रियेपुरती भूल द्यायची म्हटलं तर हिशोबाने १०४ टक्के द्यावा लागेल. शंभर टक्केच देता येत नाही, कारण मग ऑक्सिजनला जागा कुठे? पण सुरुवातीला लोक शुद्ध नायट्रसच द्यायचे. पेशंट निळा पडायचा आणि त्या निळेपणालाच ते भूल समजायचे. त्यात ऑक्सिजन मिसळून देण्याची शहाणी चाल १८६८ मध्ये शिकागोच्या अँड्र्यूज यांनी दाखवली. म्हणून आम्ही ऑपरेशनमध्ये नायट्रस वापरला तर जोडीला वापरतो: मुख्य काम दुसऱ्या औषधाचं, हा नुसता साथीला. तबल्याशिवाय गाणं होतं, पण तबला असला की गायकाला कमी ओढावं लागतं.

त्याचा मोठा गुण म्हणजे वेग. रक्तात फारसा विरघळत नाही, म्हणून पटकन चढतो, पटकन उतरतो. पण उतरतानाही एक मेख आहे. गॅस बंद केला की रक्तातला नायट्रस भसाभस फुफ्फुसात परत येतो आणि तिथल्या ऑक्सिजनला रेटतो. @दंतमंजन यांनी शेवटच्या पाच मिनिटांच्या ऑक्सिजनचं लिहिलंय ते त्यासाठी. कुणी घाईत ते टाळत असेल तर तिथे मुलाला नेऊ नका.

सिलिंडरची एक गंमत सांगतो. नायट्रसच्या निळ्या सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा. त्यामुळे दाबाचा काटा साडेसातशे पीएसआयच्या आसपास स्थिर. अर्धा संपला तरी तिथेच, पाव राहिला तरी तिथेच, आणि द्रव संपला की धाडकन खाली. घरी आपण सिलिंडर हलवून बघतो ना? आमच्या जुन्या वॉर्डबॉयचं तेच. काट्याकडे बघायचाही नाही, नुसता उचलून म्हणायचा, "साहेब, दोन हर्निया निघतील, तिसऱ्याला मागवा." वजन हाच खरा मीटर. ऑक्सिजनचं तसं नाही, तो वायुरूपच असतो, काटा उतरेल तसा साठा उतरतो.

आता भीतीचा भाग, कारण तो झाकून ठेवणं बरं नाही. नायट्रसने झालेले मोठे घात बहुतेक औषधाने झालेले नाहीत, नळ्यांनी झालेत. २०१६ साली इंदूरमधल्या एका सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनच्या जागी नायट्रस जाऊन दोन मुलं गेली. त्याच वर्षी सिडनीत एका रुग्णालयात हेच झालं, एक नवजात बाळ गेलं, दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. नळजोडणी करणाऱ्याने चूक केली आणि पुढच्या कुणी तोटीतून काय येतंय ते तपासलं नाही. म्हणून सिलिंडरचे रंग वेगळे (आपल्याकडे ऑक्सिजन काळा, खांदा पांढरा, नायट्रस निळा), म्हणून जोडणीच्या खिळ्यांच्या जागा वेगळ्या, जेणेकरून निळा सिलिंडर काळ्याच्या जागी बसूच नये. मी एका गावी एकाला खिळा कानशीने घासून "बसवताना" पकडलं होतं. बसत नाही तर घासा! त्या दिवशी आवाज चढवला, आजही घसा दुखतो.

गोदाकाठ
@भुलोबा, खिळा घासणाऱ्याचं वाचून दोरा-दारावाल्या पिढीलाही घाम फुटला. माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण जरा आत सरकवतो.

कोपऱ्यातला_काका
आमच्या ग्रुपवर आलंय की इंग्लंडने २०२३ मध्ये लाफिंग गॅसवर बंदी घातली. तिकडे बंदी आणि इकडे आपल्या पोरांना? विचार करा.

ब्रिस्टलची_सून
काका, अर्धंच आलंय तुमच्याकडे. नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी जवळ बाळगणं गुन्हा झालाय. क्रीम फेटायच्या यंत्रात घालायची छोटी धातूची नळकांडी मिळतात, पोरं ती फुग्यात भरून ओढायची; आमच्या बागेत सकाळी त्यांचा खच असायचा. दवाखान्यातला वापर तसाच चालू आहे. माझ्या नणंदेने परवाच बाळंतपणात घेतला.

भुलोबा
आणि @सोनचाफा, नवऱ्याने पाहिलेला व्हिडिओ हाच. वायू तोच, पण फुग्यात ऑक्सिजन मिसळलेला नसतो, मात्रा मोजलेली नसते, बोटाला ऑक्सिजनमापक नसतो आणि समोर बघणारा कुणी नसतो. शिवाय ती पोरं एका दिवसात डझनावारी नळकांडी ओढतात, आठवडेच्या आठवडे. मग पाय बधिर होतात, चाल बिघडते. कारण बी-१२.

भाकरतुकडा
बी-१२ चं काय? माझं कायम कमी असतं. पिढीजात शाकाहारी, इंजेक्शनं घेतोय. अक्कलदाढेला गॅस घ्यायचा विचार होता, आता धाकधूक.

भुलोबा
नायट्रस शरीरातलं बी-१२ निकामी करतो. बी-१२ च्या पोटात कोबाल्टचा अणू असतो, त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ज्या एन्झाइमला ते मदत करतं ते अडून बसतं. धडधाकट माणसाने तासाभर घेतला तर शरीर भरून काढतं, काही कळतही नाही. पण तिजोरीत आधीच खडखडाट असेल तर मज्जारज्जूच्या मागच्या पट्ट्यांना इजा होऊ शकते: मुंग्या, तोल जाणं, अंधारात चालता न येणं. एका साध्या ऑपरेशननंतरही असं झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यातले बरेच जण आधीपासून कमतरता असलेले, न तपासलेले.

आपल्याकडे हा प्रश्न खास महत्त्वाचा आहे. शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, पित्ताच्या गोळ्या रोज खाणारे, सगळ्यांचं बी-१२ कमी निघतं. मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो: काय खाता आणि तळव्यांना मुंग्या येतात का? तुमच्या बाबतीत सरळ सांगतो, आधी बी-१२ भरून घ्या, आणि अक्कलदाढेला नुसतं बधिर करून भागत असेल तर गॅसच्या मागे लागू नका.

मोगरी
हे कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत. "पूर्वी काही आजार?" एवढंच. शाकाहार हा आजार थोडाच आहे!

तिरकस
आमच्या घरी आहे. रविवारी तर फारच बळावतो.

पानगळ
सगळे गॅसचे गोडवे गाताय म्हणून मिठाचा खडा टाकतो. नायट्रस ऑक्साईड हा कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे आणि हवेत शंभरेक वर्षं टिकतो. ओझोनलाही मारतो. स्कॉटलंडमध्ये लोथियन भागातल्या रुग्णालयांनी हिशोब मांडला तेव्हा विकत घेतलेल्या नायट्रसपैकी बहुतेक पेशंटच्या नाकापर्यंत पोचतच नव्हता, भिंतीतल्या नळ्यांतून गळत होता. असा वायू मुलाच्या दोन दाढांसाठी? मला तरी पटत नाही. बंदच करावा.

दंतमंजन
@पानगळ, मग पर्याय सांगा. पूर्ण भूल? तिच्यातल्या औषधांपैकी काही तर तुमच्या २७३ च्याही खूप पुढची आहेत. धरून-बांधून? ते मी करत नाही. माणसामुळे हवेत जाणारा बहुतेक नायट्रस शेतीतून, खतांमधून येतो, माझ्या स्ट्रॉबेरी मास्कमधून नाही.

भुलोबा
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. गळतीचं पानगळ म्हणतात ते खरं आहे, आणि म्हणूनच परदेशात अनेक रुग्णालयं भिंतीतली नायट्रसची लाइन बंद करून गरजेपुरता सुटा सिलिंडर वापरू लागलीत. मी स्वतः मोठ्यांच्या ऑपरेशनमध्ये नायट्रस जवळजवळ सोडलाय. वाईट आहे म्हणून नव्हे. २०१४ चा सात हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास आहे, त्यात हृदयाचे झटके किंवा मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण माझ्याकडे आता त्याच्यावाचून अडत नाही, आणि मळमळही वाढते. मुलांचे दात, कळा, भाजलेल्याचं ड्रेसिंग, निखळलेला खांदा बसवणं: इथे मात्र त्याची जागा घेईल असं इतकं सोपं दुसरं काही माझ्या हाताशी नाही.

पानगळ
शेतातल्या खतांवर धागा काढतोच मग. तिथे या सगळे.

सिस्टर_लता
भाजलेल्याच्या ड्रेसिंगवरून आठवलं. मुंबईत बर्न्स वॉर्डात होते, नंतर लीड्सला प्रसूती विभागात. पेशंटबद्दल सगळे बोलले, खोलीत आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांबद्दल कुणीच नाही.

पेशंट जे उच्छ्वासात सोडतो ते आम्ही ओढतो. २०२३ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या काही प्रसूती विभागांत हवेतला नायट्रस मोजला तर मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. ब्रिटनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. काही ठिकाणी चक्क गॅस काही काळ थांबवावा लागला, बायका चिडल्या. आमच्याकडे खिडकी उघडत नसे, एसी तीच हवा फिरवत बसायचा. ड्युटीनंतर डोकं जड, आम्ही म्हणायचो झोप कमी झाली असेल.

म्हणून @सोनचाफा, दवाखान्यात गेलात की मास्कला दोन नळ्या आहेत का बघा: एक गॅस आणणारी, एक उच्छ्वास ओढून बाहेर नेणारी. ती दुसरी नळी खिडकीबाहेर किंवा ओढून घेणाऱ्या पंपाला जोडलेली हवी. आणि कुणाला पहिल्या तीन महिन्यांचे दिवस गेले असतील तर मुलासोबत आत बसू नका, बाबांना बसवा.

सरहद्द
लेहला पोस्टिंग असताना आमच्या डॉक्टरसाहेबांकडून ऐकलेलं: एन्टोनॉक्सचा सिलिंडर उणे साडेपाचच्या खाली गेला की आतला नायट्रस द्रव होऊन तळाला बसतो. वरून आधी नुसता ऑक्सिजन येतो, पेशंट म्हणतो काही होत नाही. आणि शेवटी येतो जवळजवळ शुद्ध नायट्रस. म्हणून ऊबदार खोलीत आडवा ठेवायचा आणि वापरायच्या आधी उलटासुलटा करायचा. नाशिकच्या थंडीत काळजी नको.

पाटीबहाद्दर
थोडक्यात, खोकल्याच्या औषधासारखं: वापरण्यापूर्वी बाटली हलवा.

भुलोबा
राहिलेलं एक. नायट्रस पोकळीत शिरतो आणि ती फुगवतो. छातीत हवा भरलेली असेल, आतडं अडलेलं असेल, किंवा पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर नायट्रस अजिबात नाही. डोळ्यातला बुडबुडा काही आठवडे टिकतो आणि फुगला तर दृष्टी जाऊ शकते. आजी-आजोबांचं असं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मनगटाला बांधलेली पट्टी कापून टाकू देऊ नका. एका आजोबांनी लग्नात शोभत नाही म्हणून काढली होती.

सोनचाफा
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. आधी सर्दी, मग शाळेचं गॅदरिंग.

काल पहिली भेट झाली. यादी करून नेली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न ऐकला आणि म्हणाले, "कुठून शिकून आलात?" मग स्वतः मशीन दाखवलं. ऑक्सिजनची नळी काढली तर नायट्रस किती वाहतोय ते दाखवणारा बॉल खटकन खाली पडला, हे मुलानेच तीनदा करायला लावलं. दुसरी नळी खिडकीतून बाहेर जात होती. बी-१२ चं विचारलं तर क्षणभर थांबले, म्हणाले मुलांच्या फॉर्मवर हा प्रश्न नाही, घालतो. आम्ही अंडी खातो, मुलाला काही त्रास नाही, म्हणून पुढे गेलो.

मी पूर्ण वेळ त्याच्या पायाच्या बोटांकडे बघत होते. आधी अंगठा वर-खाली, वर-खाली, मोज्यातून दिसत होता. चौथ्या-पाचव्या मिनिटाला थांबला. हसला-बिसला नाही, नुसता छताकडे बघत होता. इंजेक्शनच्या वेळी माझाच हात घट्ट झाला, त्याचा नाही. एक दाढ पूर्ण झाली. शेवटी पाच मिनिटं ऑक्सिजन, मी मोबाईलवर वेळ लावली होती, डॉक्टरांनी पाहिलं आणि हसले.

बाहेर आल्यावर आजीने विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "दात दुखत होता पण मी तिकडे नव्हतो." पुढची भेट शनिवारी. डॉक्टरांच्या बोटाला अजून पट्टी आहे.

दंतमंजन
"मी तिकडे नव्हतो"! हे माझ्या दवाखान्यात फळ्यावर लिहिते, चालेल ना?

सोनचाफा
चालेल. रॉयल्टी म्हणून एक स्ट्रॉबेरी मास्क मागतोय.

तिरकस
आणि बिल पाहताना बाबा कुठे होते?

सोनचाफा
तेही तिकडे नव्हते. पार्किंगमध्ये होते.